सभागृहाचे मत : हिंगोली जिल्ह्यात एका दिवसाची वादविवाद स्पर्धा

आंतरशालेय वादविवाद स्पर्धेत दोन संघ एकाच प्रस्तावाच्या दोन बाजू समोरासमोर मांडतात, एकमेकांचे मुद्दे खोडतात आणि परीक्षक निकाल देतात. वक्तृत्व स्पर्धेत वक्ता एकटा असतो. आधीचा स्पर्धक काय बोलून गेला याच्याशी त्याला देणेघेणे नसते. वादविवादात मात्र दुसऱ्या वक्त्याचे निम्मे भाषण पहिल्याचे ऐकल्याशिवाय तयारच होऊ शकत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांना वक्तृत्वाची वाण नाही. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, १२ जानेवारीची जिजाऊ जयंती, १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल या तारखांना मुले बोलतात आणि चांगली बोलतात. पण ‘वादविवाद’ या नावाखाली पुष्कळदा याच भाषणांच्या दोन रांगा लागतात, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. दोन्हीकडचे पाठांतर चोख असते आणि कोणीच कोणाला उत्तर देत नाही. स्पर्धा खऱ्या अर्थाने वाद होणार की पाठांतराचा कार्यक्रम, हे मुलांच्या तयारीपेक्षा संयोजक शिक्षकाने महिनाभर आधी घेतलेल्या चार-पाच निर्णयांवर ठरते.

या खेळाचे नियम आपल्याकडे नवे नाहीत. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडत राहायची ती वितंडा. पराभव कशाकशाने होतो याची बावीस निग्रहस्थानेही तिथे मोजून दिली आहेत. त्यांतले ‘अननुभाषण’ आजच्या शाळेतही लागू पडते. प्रतिपक्षाचे म्हणणे सांगून झाले, सभेला ते कळले, तरी ज्याला ते पुन्हा मांडता येत नाही तो हरला. उत्तर न सुचणे ही ‘अप्रतिभा’, तेच तेच बोलणे हे ‘पुनरुक्त’. कोणत्याही गुणपत्रिकेला पुरेल एवढे साहित्य यात आहे.

आधुनिक शिक्षणासोबत मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सभा सुरू झाली आणि तिची मराठी शाखा म्हणून ज्ञानप्रसारक सभा. तिथे निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी केलेले जाहीर वाद गाजले. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. हिंगोली तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. तिथे १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या सरकारी परिपत्रकाने जाहीर सभेसाठी आधी सरकारी परवानगी घेणे बंधनकारक केले होते. बोलण्याची दुसरी शाळा मात्र जिल्ह्यात फार जुनी आहे. कयाधूकाठचे नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव, आणि गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत मुलांच्या कानांवर कीर्तन पडत असतेच. आवाजाची फेक, दृष्टान्त, थांबून टाळी घेणे हे मुले तिथेच शिकतात. फक्त कीर्तनकाराला मध्येच कोणी हरकत घेत नाही, आणि वादविवादाची सुरुवात त्या हरकतीपासूनच होते.

पहिला निर्णय तारखेचा. शाळा जूनच्या मध्यात उघडते. जुलै प्रवेश, पुस्तके आणि पावसात जातो. सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणीला येते आणि नववी-दहावीची मुले शेतावर दिसू लागतात. पुढे सहामाही परीक्षा, दसरा आणि दिवाळीची सुट्टी. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गाव सोडतात, त्यांची मुले कधी सोबत जातात तर कधी आजीपाशी राहतात. फेब्रुवारीत दहावीची धास्ती असते आणि हळदीची काढणी व शिजवणही सुरू होते. उरतात दोन खिडक्या : ऑगस्टचा पहिला पंधरवडा, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होण्याआधीचे तीन-चार आठवडे. दुसरी अधिक सोयीची, कारण तयारीला सुट्टीतले मोकळे दिवस मिळतात. २६ नोव्हेंबरचा संविधान दिनही त्यातच येतो.

जागेचा निर्णय बसच्या वेळापत्रकावरून करावा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा पाच तालुक्यांचा आहे : हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. वसमत ते हिंगोली सुमारे ५० किलोमीटर, आणि औंढा साधारण मधोमध. वसमतकडच्या संघांना औंढा जवळ पडते, पण सेनगाव आणि कळमनुरीच्या संघांना हिंगोलीला बस बदलावी लागते. म्हणून पाचही तालुके बोलवायचे असतील तर हिंगोली शहर, आणि दोन-तीनच तालुके असतील तर औंढा, असा हिशेब बसतो. मानव विकास कार्यक्रमातल्या मुलींच्या निळ्या बस शाळेच्या वेळेला बांधलेल्या असतात. स्पर्धा त्यांच्या परतीच्या फेरीनंतर संपली, तर तांड्यावरच्या मुलीचा बाप पुढच्या वर्षी तिला पाठवणार नाही. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा कार्यक्रम सव्वाचारला आटोपलाच पाहिजे, आणि बाकीचे वेळापत्रक तिथून उलटे मोजत यायचे.

कागदपत्रे फारशी नाहीत. मुख्याध्यापकांची आणि संस्थेची मान्यता, जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाला पत्र, सहभागी शाळांना नियमांसह निमंत्रण, प्रत्येक मुलाचे पालक संमतीपत्र आणि मुली असलेल्या संघासोबत एक शिक्षिका. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, त्यामुळे नववी-दहावीच्या पाहुण्यांचे जेवण यजमान शाळेने धरायचे. सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा, दुपारी खिचडी किंवा पुरी-भाजी, एवढ्यावर भागते. खर्च वाढतो तो बॅनर, मंडप आणि सन्मानचिन्हांवर, आणि यांतल्या एकाही गोष्टीची वादविवादाला गरज नसते.

सर्वांत जास्त डोके खर्च करावे ते प्रस्तावावर. ‘मोबाईल : शाप की वरदान’, ‘विज्ञान : शाप की वरदान’ हे विषय दोन पिढ्यांनी झिजवले आहेत. त्यांची भाषणे बाजारात छापील मिळतात, आणि दोन्ही बाजूंचा शेवट ‘वापरणाऱ्यावर अवलंबून’ या एकाच वाक्यात होतो. प्रस्ताव विधानार्थी असावा, त्यात कोणी काय करावे हे स्पष्ट असावे, आणि दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन दमदार मुद्दे मिळावेत. ‘या सभागृहाचे असे मत आहे की’ ही जुनी सुरुवात अजून उपयोगी पडते, कारण त्यापुढे प्रश्नचिन्ह येऊच शकत नाही.

औंढा तालुक्यात दुधाळा येथे लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. तिच्यावर ‘लायगोमुळे जिल्ह्याचा विकास होईल’ असा प्रस्ताव ठेवला तर मुले दोन बाजूंनी भविष्य सांगत बसतील. ‘लायगोने जिल्ह्यातील माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी कायमचे विज्ञान केंद्र चालवावे’ असे म्हटले की खर्च कोणाचा, शिक्षक कोण, वेधशाळेचे मूळ काम काय, गर्दी आणि कंपन तिथे चालतील का, असे प्रश्न निघतात. कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण, दहावीपर्यंत शाळेत फोनबंदी, गावच्या सप्ताहातल्या ध्वनिक्षेपकावर वेळेचे बंधन, हेही चालण्याजोगे विषय. जातीचे आरक्षण, धर्म आणि चालू निवडणूक मात्र वगळावी. हे विषय महत्त्वाचे नाहीत असे नव्हे. चिठ्ठीने आलेली बाजू मुलाला त्याच्याच घराविरुद्ध चारचौघांत मांडावी लागेल आणि संध्याकाळी त्याच गावात परतावे लागेल, ही अडचण खरी आहे.

संघरचनेचे दोन प्रघात आहेत. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात आणि बहुतेक करंडक स्पर्धांत एका संस्थेचे दोन वक्ते येतात, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. सगळे एकामागून एक बोलतात. व्यवस्थेला हे सोपे, पण एकाच शाळेची दोन मुले परस्परविरुद्ध बाजूंना असल्याने संघ म्हणून लढत उभीच राहत नाही. दुसरा प्रघात समोरासमोरच्या लढतीचा. १९८८ पासून चालणाऱ्या जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत प्रत्येक बाजूला तीन वक्ते, आठ-आठ मिनिटांची भाषणे आणि शेवटी चार-चार मिनिटांचे समारोपाचे उत्तर असते. पहिले आणि शेवटचे मिनिट सोडून प्रतिपक्षाला मध्येच उभे राहून प्रश्न विचारता येतो. आठ मिनिटे नववीच्या मुलाला जड जातात. एका दिवसात तीन फेऱ्या घ्यायच्या तर चार मिनिटे पुरे : तीन अधिक तीन वक्त्यांची २४ मिनिटे, दोन्ही समारोपांची मिळून चार, म्हणजे एक लढत २८ मिनिटांची. परीक्षकांचे बोलणे, गुण आणि खोली बदलणे धरून पाऊण तास. मध्येच प्रश्न विचारण्याची मुभा पहिल्या वर्षी ठेवू नये. गोंधळ होतो आणि आवाज मोठा असलेल्याचे फावते.

आठ संघ, चार वर्गखोल्या, तीन फेऱ्या आणि एक अंतिम लढत हे माप एका दिवसात नीट बसते. बाद पद्धत टाळावी. बाद पद्धतीत पहिल्याच फेरीनंतर चार संघ प्रेक्षक होतात, आणि पहाटे निघून दोन बस बदलून आलेला संघ अठ्ठावीस मिनिटांत रिकामा होतो. बुद्धिबळातली स्विस पद्धत इथे कामाला येते. पहिली फेरी चिठ्ठ्या टाकून, मग जिंकलेल्यांची जिंकलेल्यांशी आणि हरलेल्यांची हरलेल्यांशी. दोन फेऱ्यांनंतर दोन संघ दोन विजयांवर, चार एका विजयावर आणि दोन शून्यावर असतात. तिसऱ्यानंतर एकच संघ अपराजित राहतो आणि तीन संघ दोन-दोन विजयांवर. अंतिम फेरीतली दुसरी जागा या तिघांतून निवडायची, म्हणून ती कशी निवडणार हे निमंत्रणपत्रातच छापलेले हवे. आधी हरवलेल्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय मोजावेत, तरीही बरोबरी राहिली तर गुणांची बेरीज. हा नियम दुपारी अडीचला तोंडी सांगितला तर तो कितीही न्याय्य असो, वशिला वाटतो.

बाजू कधी कळवायची हा प्रश्न छोटा दिसतो, पण पाठांतराची गाठ तिथेच सुटते. पंधरा दिवस आधी बाजू कळली की भाषण सर लिहून देतात, मूल ते घोकते आणि समोरचा काहीही बोलला तरी तेच म्हणून दाखवते. यात मुलाचा दोष नाही. त्याला तेवढेच करायला सांगितलेले असते. पहिल्या दोन फेऱ्यांचे प्रस्ताव पंधरा दिवस आधी द्यावेत, बाजू मात्र फेरीच्या पंधरा मिनिटे आधी चिठ्ठीने. शक्यतो पहिल्या फेरीत अनुकूल बोललेला संघ दुसऱ्या फेरीत प्रतिकूल असावा. तिसऱ्या फेरीचा प्रस्ताव जेवणानंतर जाहीर करून अर्धा तास द्यावा. त्या अर्ध्या तासात शिक्षकांनी संघाजवळ बसायचे नाही. स्पर्धेतला सर्वांत अवघड नियम हाच, कारण तो पाळायचा असतो मोठ्या माणसांनी.

खंडन कसे घडते ते एका प्रस्तावावरून पाहता येते : ‘पाण्याची सोय असलेल्या हिंगोलीच्या शेतकऱ्याने सोयाबीनपेक्षा हळदीला प्राधान्य द्यावे.’ हिंगोली आणि वसमतच्या हळद बाजारांमुळे हा विषय मुलांच्या घरातलाच. अनुकूल बाजूचा पहिला वक्ता म्हणतो, हळदीला क्विंटलमागे सोयाबीनपेक्षा जास्त भाव मिळतो, बाजारपेठ दारात आहे, शिजवून वाळवलेली हळद भाव येईपर्यंत ठेवता येते. कच्चा प्रतिस्पर्धी इथे आपले पाठ केलेले ‘सोयाबीन हे तेलबियांचे पीक आहे’ सुरू करतो. तयार प्रतिस्पर्धी आधी समोरचे म्हणणे एका वाक्यात परत सांगतो, आणि मग त्याचे सांधे सोडवतो. भाव आणि नफा एक नव्हे. हळदीचे बेणे, गादीवाफे, काढणी, शिजवण आणि पॉलिश यांचा खर्च वजा केल्याशिवाय तुलना होत नाही. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघते आणि त्याच जमिनीत रब्बीचा हरभरा येतो; हळद आठ-नऊ महिने जमीन अडवते, म्हणजे एका पिकाची तुलना दोन पिकांशी करायला हवी. आणि ठेवता येते म्हणता, पण दिवाळीला ज्याला पैसा लागतो त्याच्या हातात तेव्हा हळद नसतेच. अनुकूल बाजूच्या दुसऱ्या वक्त्यापुढे आता तीन कामे असतात. बेण्याचा खर्च पुढच्या वर्षी घरच्या बेण्याने कमी होतो, हे सांगायचे. दोन पिकांचा मुद्दा मान्य करून, दोन्ही पिकांच्या एकत्रित खर्चासह नवी तुलना द्यायची. आणि प्रस्तावात ‘प्राधान्य’ आहे, ‘सगळी जमीन’ नाही, हे दाखवून दिवाळीच्या पैशाचा प्रश्न सोडवायचा. एक मुद्दा मान्य केल्याने बाजू पडत नाही, हे मुलांना पहिल्यांदा पटत नाही. परीक्षकांनाही दर वेळी पटतेच असे नाही.

परीक्षक सहभागी शाळांशी संबंध नसलेले हवेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे प्राध्यापक, जिल्हा न्यायालयातले वकील, पत्रकार, आणि युवक महोत्सवात वादविवाद केलेले माजी विद्यार्थी, अशी माणसे मिळतात. वकील सहसा चांगले परीक्षक ठरतात. भाषण किती गोड झाले यापेक्षा प्रश्नाला उत्तर आले का, याकडे त्यांचे लक्ष असते. प्राथमिक लढतींना खोलीमागे एक परीक्षक, अंतिम लढतीला तीन. दोन कधीही नकोत. सकाळी अर्धा तास सर्वांना एकत्र बसवून गुणपत्रिका समजावून द्यावी.

गुणपत्रिकेचा नेहमीचा नमुना वक्तृत्वाचा असतो : विषयप्रवेश, मांडणी, भाषाशैली, हावभाव, समारोप, प्रत्येकी वीस. त्यात खंडनाला रकानाच नाही; मग मुलांनी खंडन का करावे? मुद्दे आणि पुरावे ४०, प्रतिपक्षाला दिलेले उत्तर ३०, सादरीकरण २०, संघाच्या मांडणीतली सुसंगती १० ही वाटणी अधिक योग्य. आकडा सांगितला तर तो कुठला हेही सांगितले पाहिजे, अशी अट घालावी. शायरीने सुरुवात केल्याबद्दल गुण वाढू नयेत, कमीही होऊ नयेत.

गुणांच्या बेरजेत एक खोडी असते. समजा पहिल्या परीक्षकाने एका वक्त्याला ७१ आणि दुसऱ्याला ७३ दिले. दुसऱ्या परीक्षकाने ७० आणि ७२. दोघांच्याही मते दुसरा वक्ता सरस. तिसरे परीक्षक सढळ हाताचे. त्यांनी पहिल्याला ८८ आणि दुसऱ्याला ७४ दिले. बेरीज २२९ विरुद्ध २१९, आणि उत्कृष्ट वक्त्याचे बक्षीस तीनपैकी दोघांनी खाली ठेवलेल्याला जाते. ज्याच्या गुणांत चढउतार मोठा, त्याचेच मत चालते. उपाय सोपा आहे : प्रत्येक परीक्षकाने विजेता संघ लिहून द्यावा आणि बहुमत धरावे, वैयक्तिक बक्षिसासाठी गुणांऐवजी क्रमांकांची बेरीज करावी. शिवाय गुण ६० ते ८० च्या दरम्यानच द्यावेत, असे सकाळच्या बैठकीत ठरवावे.

बोलीचा प्रश्नही त्याच बैठकीत मिटवावा. ‘करायलाव’, ‘जायलेत’, ‘लई’ हे इथले घरचे बोलणे आहे. तांड्यावरचे बंजारा मूल घरी गोरमाटी बोलते आणि मराठी शाळेत शिकते. कळमनुरी तालुक्यात आदिवासी वस्ती आहे. हिंगोली, वसमतला उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, आणि त्यांच्याकडे मुबाहिशाची, म्हणजे उर्दू वादविवादाची, स्वतःची परंपरा आहे. ‘न’ आणि ‘ण’ची अदलाबदल झाली म्हणून तर्कात गुण कापले तर स्पर्धा शहरातल्या दोन-तीन शाळांपुरतीच उरते. म्हणणे कळले की भाषेचे काम झाले. उर्दू शाळांना बोलवायचे असेल तर एका खोलीत हिंदी-उर्दू समजणारा परीक्षक ठेवावा, किंवा त्या दिवशीच उर्दू गटाच्या स्वतंत्र लढती घ्याव्यात.

प्रत्यक्ष दिवस साडेनऊला नोंदणी आणि नाश्त्याने सुरू होतो. सव्वादहाला उद्घाटन, आणि धोका इथेच. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचे मनोगत, अध्यक्षीय समारोप या क्रमाने गेले तर बारा वाजतात आणि मुलांच्या चार मिनिटांची तीन होतात. वेळेचे भान शिकवणाऱ्या कार्यक्रमात वेळ न पाळणारे फक्त व्यासपीठावर असतात. पाहुण्यांना उद्घाटनाऐवजी अंतिम लढतीला बोलवावे. त्यांनाही ऐकण्यासारखे काही मिळते. उद्घाटन पंधरा मिनिटांचे ठेवले की साडेदहाला पहिली फेरी, साडेअकराला दुसरी, साडेबाराला जेवण, सव्वाला ऐनवेळचा प्रस्ताव, पावणेदोनला तिसरी फेरी आणि पावणेतीनला अंतिम लढत बसते.

प्रत्येक खोलीत यजमान शाळेची दोन मुले पुरतात, एक सभापती आणि एक वेळ पाहणारा. सभापती नाव पुकारतो आणि शांतता राखतो. वेळ पाहणाऱ्याजवळ टेबलावरची घंटी आणि मोबाईलमधले घड्याळ. तीन मिनिटांना एक ठोका, चारला दोन, आणि साडेचारनंतर वक्ता बसेपर्यंत घंटी चालू. आपल्याच शाळेच्या संघाची वेळ पाहायला त्याला बसवू नये. वर्गात ध्वनिक्षेपक लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी फेरी थांबत नाही. अंतिम लढत सभागृहात असेल तर बॅटरीवर चालणारा एक स्पीकर हाताशी असावा. खंडनाची टिपणे काढायला प्रत्येक संघाला कोरे कागद द्यावेत आणि भाषण वाचून दाखवण्यास मनाई करावी. टिपणे हातात असायला हरकत नाही.

निकालाआधी परीक्षकांपैकी एकाने पाच मिनिटांत निर्णयाचे कारण सांगावे : कोणता मुद्दा निर्णायक ठरला, कोणत्या मुद्द्याला उत्तर आले नाही. नुसते ‘सर्वच मुले छान बोलली, निर्णय देणे कठीण होते’ म्हणणे हा परीक्षकाने स्वतःला दिलेला गुण आहे. निकालावर हरकत घ्यायची असेल तर ती बेरजेच्या चुकीपुरतीच, अर्ध्या तासात, लेखी. फिरता करंडक ठेवायचा असेल तर तो पुढच्या वर्षी कधी परत करायचा, दुरुस्ती कोणाकडे आणि नाव कोरायचे कोणी, याची नोंद पावतीवर घेऊन मगच तो हाती द्यावा. वैयक्तिक बक्षीस म्हणून पुस्तके बरी. तीही शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेली नव्हेत.

बक्षीस वाटपानंतर संघ गावनिहाय रांगेत उभे करून सोबतच्या शिक्षकांच्या सहीने सोडावेत, आणि शेवटचा संघ बसमध्ये बसल्याचा फोन येईपर्यंत यजमान शाळेतला एक शिक्षक थांबवून ठेवावा. गुणपत्रिकांच्या छायाप्रती आठही शाळांना त्याच आठवड्यात पाठवाव्यात. प्रस्ताव, जोड्या, बाजू आणि निकाल यांची एक वही ठेवली तर पुढच्या वर्षी अनुकूल किती वेळा जिंकली आणि प्रतिकूल किती वेळा, हे मोजून एकतर्फी निघालेले प्रस्ताव वगळता येतात.